‘मोठा झाला की समजते’: घरातल्या गप्पपणाची पार्श्वभूमी

नागपुरात सातवी-आठवीतल्या पोराने बाळ कसं होतं म्हणून विचारलं, की बहुतेक घरांत ठरलेलं उत्तर मिळतं: ‘मोठा झाला की समजते.’ असं उत्तर देणाऱ्या आईबापांना जुन्या वळणाचे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

मुळात हे काम आईवडिलांचं नव्हतंच. पूर्वी अनेक जातींत मुलींची लग्नं पाळी येण्याआधीच उरकत. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीची वयाची अट 10 वरून 12 वर नेली, तर तेवढ्यावरूनही रान उठलं. न्हाण आलं की मखरात बसवायचं, ओटी भरायची. पुढचं काय ते सासरच्या थोरल्या बायका कानात सांगत. मुलग्यांना तेवढंही कुणी सांगत नसे. पुढे 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय 14 केलं, 1978 मध्ये ते 18 झालं. लग्न लांबलं, पाळी मात्र तिच्या वेळेवर येत राहिली. मधल्या वर्षांत मुलांशी बोलायचं कुणी, हे ठरलंच नाही. त्यात महाल-इतवारीतल्या वाड्यांतून कुटुंबं मनीषनगर-बेसाच्या फ्लॅटमध्ये आली आणि आत्या, काकू, मावशी सणावारापुरत्या उरल्या.

उघड बोलणारा माणूस मराठीत होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचक पत्रातून शंका विचारत, कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. 1934 मध्ये त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. विकृत समज असेल तर ती ज्ञानानेच जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, पण असल्या प्रश्नाला उत्तर देणं अंगाशी येतं हा धडा मराठी घरांनी प्रांत न बघता घेतला असावा.

मग सरकार बोलू लागलं, पण लोकसंख्येच्या काळजीने. 1952 मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आला, भिंतींवर त्याची खूण म्हणून लाल त्रिकोण आले. आणीबाणीत, 1976 मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं. ते अमलात आलं नाही, धास्ती मात्र राहिली. 1986 मध्ये देशात एचआयव्ही आढळला आणि पुढची भाषा रोगाची झाली. त्याच धाग्यातून 2005 च्या सुमारास शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला. त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला आणि 2007 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो बंद केला. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही त्यावर कडक ताशेरे ओढले.

2012 मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा आला. आता भाषा गुन्ह्याची. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला, की त्वचेला त्वचा लागली नसेल तर कपड्यांवरून लैंगिक हेतूने केलेला स्पर्श पॉक्सोखाली लैंगिक हल्ला ठरत नाही. देशभर संताप उसळला आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्या बातम्यांनी नागपुरातल्या पालकांची मोठीच पंचाईत केली असणार: पेपर पोरीच्या हातात, आणि तिला समजावायला शब्द कुठले आणायचे? ‘गुड टच, बॅड टच’ एवढं आता पहिलीतल्या लेकरालाही पाठ असतं. पण वाईट स्पर्श कळला म्हणून आपलं शरीर कळलं असं होत नाही, आणि माझ्या मते अडचण नेमकी इथेच आहे. संख्या, रोग, गुन्हा. दर वेळी काहीतरी धोका दारात आला तेव्हाच हा विषय निघाला. भीतीशिवाय त्यावर बोलायचा सराव कुणालाच नाही.

शाळांतही फार वेगळं नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा भाग आहे, पण कित्येक वर्गांत तो ‘घरी वाचून या’ म्हणून संपतो. पाळीबद्दल सांगायला कुणी आलं की मुलींना हॉलमध्ये बसवतात, पॅडची पाकिटं वाटतात, आणि पोट्ट्यांना मैदानावर सोडतात. 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 वयाच्या मुलामुली दोघांसाठी आहे; सरकारी दवाखान्यातल्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये समुपदेशक असतात. तिथे मुलाला घेऊन जायचं तर घरून निघताना कारण काय सांगायचं, हे बापालाच आधी ठरवावं लागतं.