जिवंत त्वचेचा तुकडा आणि बारा आठवड्यांची परीक्षा

मधुमेहात पायाची संवेदना गेली की माणूस जखमेवरूनच चालत राहतो. दुखत नाही, मग लंगडणार कोण? तळव्यावर घट्टा पडतो, रोजच्या भाराने घट्ट्याखालचं मांस दबून फुटतं, आणि मोज्याला ओल लागली की मग घरात कळतं. मधुमेह असलेल्यांपैकी 19 ते 34 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी अशी जखम होते, असा अंदाज आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर आहे. म्हणून या जखमेवरचं कुठलंही नवं औषध आपल्याकडे लगेच चर्चेत येतं, आणि येणारच.

प्रयोगशाळेत वाढवलेली जिवंत त्वचा हा त्यातला सगळ्यात विलक्षण उपाय. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत यूजीन बेल यांनी 1979 साली दाखवून दिलं की कोलॅजेनच्या, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या, जेलमध्ये फायब्रोब्लास्ट (कोलॅजेन तयार करणाऱ्या) पेशी सोडल्या, तर त्या जेल आवळून घेतात आणि त्वचेच्या आतल्या थरासारखी ऊती तयार होते. त्यावर वरच्या थराच्या केराटिनोसाइट पेशी वाढवल्या की दोन थरांची त्वचा झाली. याच वाटेने पुढे ‘ॲप्लिग्राफ’ हे उत्पादन बाजारात आलं. त्यातल्या पेशी नवजात मुलांची सुंता करताना निघालेल्या कातडीतून घेतात आणि कोलॅजेन गाईगुरांचं असतं. जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीची, सुमारे साडेसात सेंटिमीटर व्यासाची चकती पोषक माध्यमावर ठेवून रुग्णालयात येते. फ्रिजमध्ये ठेवायची नाही, कारण पेशी जिवंत आहेत. डॉक्टर आधी माध्यमाचा रंग तक्त्याशी ताडून पाहतात. रंग बदललेला असला तर तुकडा वापरत नाहीत. मग जखमेतला मेलेला भाग खरवडून काढतात, चकतीला बारीक छेद देतात म्हणजे खालचं पाणी साचणार नाही, आणि ती जखमेवर बसवून ड्रेसिंग करतात.

ही परकी त्वचा तिथे कायमची रुजते, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. काही आठवड्यांत दात्याच्या पेशींचा मागमूस उरत नाही. त्या असतात तोवर वाढीला चालना देणारी प्रथिनं सोडतात आणि रखडलेल्या जखमेला पुन्हा भरायला लावतात. शेवटी जी त्वचा येते ती रुग्णाची स्वतःची.

पण हे होतं, हे सिद्ध कसं करायचं? ॲप्लिग्राफची मोठी चाचणी अमेरिकेतल्या 24 केंद्रांवर झाली. तिचा अहवाल 2001 साली आला. एकूण 208 रुग्ण. त्यातल्या 112 जणांना जिवंत त्वचा मिळाली आणि 96 जणांना सलाइनने ओलं केलेलं गॉज. कोणाला काय मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने, चिठ्ठी टाकल्यासारखं, ठरलं. बारा आठवड्यांनी पहिल्या गटात 56 टक्के जखमा पूर्ण भरल्या, दुसऱ्यात 38 टक्के. फरक खरा आहे. मात्र जिवंत त्वचा लावूनही 44 टक्के जखमा त्या मुदतीत भरल्या नाहीत, हेही त्याच तक्त्यात लिहिलेलं आहे.

‘डर्माग्राफ्ट’ या अशाच दुसऱ्या उत्पादनाची कहाणी मला यापेक्षा जास्त शिकवणारी वाटते. यात विरघळणाऱ्या जाळीवर फक्त फायब्रोब्लास्ट वाढवलेले असत आणि तुकडा गोठवून पाठवत. पहिल्या मोठ्या चाचणीत 281 रुग्ण होते. डर्माग्राफ्ट मिळालेल्यांपैकी सुमारे 38 टक्के बरे झाले, तर तुलना गटातले सुमारे 32 टक्के, म्हणजे फरक ठाम नव्हता. नंतर लक्षात आलं की बऱ्याच रुग्णांना मिळालेल्या तुकड्यांमधल्या पेशी पुरेशा कार्यक्षम नव्हत्या. ज्यांना चांगले तुकडे मिळाले त्यांच्यात हे प्रमाण 51 टक्क्यांच्या आसपास होतं. निकाल हाती आल्यावर केलेली अशी विभागणी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने पुरेशी मानली नाही आणि नवी चाचणी करायला लावली. मला हा निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो. सोयीचे रुग्ण मागाहून निवडायची मुभा दिली, तर कुठलंही औषध गुणकारी ठरवता येईल. दुसऱ्या चाचणीत सहा आठवड्यांहून जुन्या जखमांमध्ये 30 टक्के विरुद्ध 18 टक्के असा निकाल आला, आणि 2001 साली मंजुरी मिळाली.

आता ॲप्लिग्राफचा निकाल आणि डर्माग्राफ्टच्या दुसऱ्या चाचणीचा निकाल शेजारी ठेवा. पहिल्यात नुसतं ओलं गॉज लावलेले 38 टक्के रुग्ण बरे झाले, तर दुसऱ्यात जिवंत पेशी मिळालेले 30 टक्के. म्हणून गॉज श्रेष्ठ ठरत नाही. रुग्णांची निवड वेगळी, जखमा किती जुन्या ते वेगळं, काळजी वेगळी. दोन कंपन्यांच्या जाहिरातींतले आकडे एकमेकांशी भिडवणं किती फसवं आहे, ते यातून कळतं. बघायचं ते एकाच चाचणीतल्या दोन गटांमधलं अंतर.

आणि तुलना गटाला मिळालेली काळजी किती चांगली होती, तेही बघायचं. या जखमेचा मूळ शत्रू म्हणजे पायावरचा भार. पावलाला तंतोतंत बसणारं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं प्लास्टर वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरलं आणि पुढे ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात नेलं. 2001 सालच्या 63 मधुमेहींच्या एका चाचणीत या प्लास्टरने बारा आठवड्यांत जवळपास 90 टक्के जखमा भरल्या, काढता येणाऱ्या बुटाने 65 टक्के. रुग्ण असा बूट घालतात तरी किती? दुसऱ्या एका अभ्यासात असा बूट दिलेल्या रुग्णांच्या पायांची हालचाल मोजली, तेव्हा दिवसभरातल्या पावलांपैकी जेमतेम 28 टक्के पावलं बूट घालून टाकलेली निघाली. रात्री पाणी प्यायला, बाथरूमला जाताना कोण बूट चढवतो!

ॲप्लिग्राफच्या चाचणीत आणि डर्माग्राफ्टच्या दुसऱ्या चाचणीत रुग्णांना खास चपला-बूट दिले होते, काढता न येणारं प्लास्टर नव्हे. 2016 साली, झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने अशा त्वचा-उपचारांच्या 17 चाचण्या, 1655 रुग्ण, एकत्र तपासले. नेहमीच्या उपचारांपेक्षा जखमा भरण्याचं प्रमाण दीडपटीच्या आसपास निघालं. पाय कापावा लागण्याची वेळ टळते का, याची माहिती मात्र मोजक्याच चाचण्यांनी दिली होती, आणि पैशाच्या हिशेबाचा पुरावाही अपुरा होता. शिवाय भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, आणि या चाचण्यांचा मुख्य निकाल बाराव्या आठवड्याला लागतो.

म्हणून मला हवी आहे ती चाचणी अशी: दोन्ही गटांना काढता न येणारं प्लास्टर, एका गटाला त्याखाली जिवंत त्वचा, आणि दोघांच्याही पायांची तपासणी निदान वर्षभर.