मुंबईचे टॉवर सपाट का झाले?

टॉवर देखणा दिसतो तो बहुतेकदा त्याच्या सावल्यांमुळे. कंबाला हिलवरची १९८३ मध्ये पूर्ण झालेली 'कांचनजंगा' बघा: २८ मजले, ३२ सदनिका आणि कोपऱ्यांतून कोरून काढलेल्या दोन मजली उंचीच्या गच्च्या. पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, तसं दुपारचं ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच येते. म्हणून खोल्या आत घेतल्या आणि बाहेर गच्ची ठेवली. आजही लांबून नजर जाते ती त्या खोल, काळ्या चौकोनांवरच.

पुढची गोष्ट एफएसआयची, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणाऱ्या निर्देशांकाची. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असा मूळ निर्देशांक होता. फ्लॉवरबेड, म्हणजे खिडकीबाहेरचा कुंड्यांचा पट्टा, त्यात मोजला जात नसे, ठरावीक मर्यादेपर्यंत बाल्कनीही नाही. ही सवलत दर्शनी भाग सजवायला पुरली असती. पण नकाशावर खिडकीबाहेर कुंड्यांसाठी दाखवलेला पट्टा ताबा मिळाल्यावर खिडकी पुढे सरकवून बेडरूममध्ये जायचा आणि विक्रीत त्याचेही पैसे लागायचे.

जानेवारी २०१२ मध्ये हे सगळं एफएसआयच्या मोजणीत आणलं गेलं. भरपाई म्हणून अधिमूल्य (प्रीमियम) भरून निवासी इमारतींना ३५ टक्के, व्यावसायिक इमारतींना २० टक्के 'फंजिबल' एफएसआय देण्यात आला. त्याला सरसकट 'जादा एफएसआय' म्हणतात, त्यातून बराच घोळ होतो. आधी मोजणीबाहेर मिळत होतं तेच क्षेत्र आता मोजून, पैसे घेऊन द्यायचं आणि ते खोलीला वापरायचं की बाल्कनीला हे विकासकानं ठरवायचं, असा तो हिशेब होता. यातून पळवाट बुजली, पारदर्शकता आली, हे मान्यच करायला हवं. पण बाल्कनीचा चौरस फूट आणि खोलीचा चौरस फूट एकाच हिशेबात आल्यावर विकासक खोलीच निवडणार. कुंड्यांच्या नावानं झालेली लबाडी थांबवताना खरी, खोल बाल्कनीही महाग करून ठेवली. ती वेगळी ठेवून नुसतं बंदिस्त करण्यावर कडक बंदी घालता आली असती.

काच त्याआधीच आली होती. गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरांत ती प्रतिष्ठेची खूण ठरली आणि २०१२ नंतर तिला अडवणारं फारसं काही उरलं नाही. २०१८ पासूनच्या नियमावलीतही फंजिबल कायम आहे. पश्चिमेचं ऊन आता थेट काचेवर पडतं आणि त्याचा भार एसीवर येतो.