खिशातला कांदा ऊन लागायचं थांबवत नाही

परभणी, नांदेडकडं मे महिन्यात पारा 42-43 ला गेला की घरोघरी एकच सांगणं, खिशात कांदा ठेव, ऊन लागत नाही. माझी आजी पण आजोबा रानात निघाले की त्यांच्या बंडीच्या खिशात कांदा टाकायची, माया होती त्यात, पण खरं सांगतो, खिशातला कांदा अंगातली उष्णता ओढून घेत नाही. संध्याकाळी तो सुकलेला, गरम लागतो म्हणून लोकांना वाटतं त्यानंच ऊन खाल्लं, अहो तो नुसता तापलेला असतो. जेवणात कांदा खुशाल खा.

अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळं. अंगातलं पाणी कमी पडलं अन् काम चालूच राहिलं तर आतलं तापमान 40 च्या वर जातं, माणूस बरळतो, झोकांड्या खातो, काहींचा घामच बंद होतो. हाच उष्माघात, यात जीव जातो. अन् नेमकं तेव्हाच आपण कांदा फोडून नाकाला लावत बसतो, तिथंच वेळ जातो! आधी 108 ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करा, माठातलं हंड्यातलं जे असंल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला, मानेला अन् काखेत बर्फ ठेवा. शुद्ध नसंल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, श्वासनलिकेत जातं. अन् रानातलं काम 12 ते 3 बंदच ठेवा, तहान नसली तरी पाणी पीत राहा.