कुळाचार आणि संस्कार: मुलांनी काय सोडलं, काय घेतलं?

मुलगा नवरात्रात घट बसवत नाही, मुलीच्या घरी देवघरच नाही, नातवाला अथर्वशीर्ष येत नाही. एवढं सांगून झालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘आमचे संस्कार कुठे कमी पडले?’ यादी कुळाचाराची आणि दुःख संस्कारांचं. दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच ताटात समोर येतात, म्हणून ही गल्लत होते आणि तिच्यापायी चांगली माणसं उगाच झुरत बसतात.

कुळाचार म्हणजे काय, कधी आणि कसं करायचं ते. गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या, नैवेद्याला पुरण की घावन-घाटलं, बोडण कधी भरायचं. हे वहीत लिहून ठेवता येतं, नव्या सुनेला चार दिवसांत शिकवता येतं. मोडलं तर लगेच चार जणांच्या लक्षात येतं.

संस्कार असा दिसत नाही. दारात आलेला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही. उसने पैसे परत मागायला कोणाला यायला लागू नये. आजारी पडलेल्या कामवाल्या बाईंचा खाडा धरायचा नाही. मुलांना या गोष्टी कितीही सांगा, फार आत जात नाहीत. आईवडिलांना त्या महाग पडतात तेव्हा मात्र मुलं नीट बघत असतात.

महर्षी कर्व्यांचं घर घ्या. १८९३ साली धोंडो केशवांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता, सख्खी आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. पटलेलं केलं की त्याची किंमत काय मोजावी लागते, हे त्याला घरातच कळलं. पुढे वडिलांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. आता मुलाने हेच पुढे चालवावं, असं कोणालाही वाटलं असतं.

रघुनाथरावांनी वडिलांसारखं गणित शिकवलं, पण वाट वेगळी धरली. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, ते १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. देव न मानणारा, लैंगिक सुखाबद्दल उघड लिहिणारा हा मुलगा आश्रमाच्या चाकोरीत बसणारा नव्हता. पण बाईलाही आपल्या आयुष्याचा हक्क आहे, आणि एकदा पटलं की लोक काय म्हणतील ते बघत थांबायचं नाही, या दोन्ही गोष्टी त्याने वडिलांच्याही चार पावलं पुढे नेल्या. वारसा याहून अस्सल कसा असेल?

कोसंबींचंही तसंच. धर्मानंद गोव्यातलं घर सोडून बुद्धाच्या शोधात निघाले आणि पालीचे पंडित झाले. मुलगा दामोदर गणिती आणि मार्क्सवादी इतिहासकार. पण जुन्या ग्रंथाचा पाठ कसून तपासायचा, ही शिस्त दोघांत सारखी. हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत वडिलांनी तपासलेला ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली बौद्ध ग्रंथ ४१ वा आहे, आणि मुलाने एका सहकाऱ्याबरोबर संपादित केलेला संस्कृत सुभाषितसंग्रह ४२ वा.

साध्या घरांतही हे घडतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची यादी लिहायला घेतलेला कागद मोठ्यांच्या हातून काढून घेतला होता. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाई. त्यांची मुलगी लग्नाची झाली तेव्हा म्हणाली, ‘बाबा, कन्यादान नको. मी काही द्यायची वस्तू नाही. नोंदणी करू.’ बाबांना ते फार लागलं. खरं तर त्या कागदाची गोष्टच ती आपल्या भाषेत परत सांगत होती.

म्हणून कुळाचार फेकून द्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. गौरी जेवतात त्या दिवशी झाकलेलं ताट घेऊन शेजारच्या एकट्या आजींकडे पोराला पाठवतात, पंगतीत त्याच्या हाती मीठ-लिंबू वाढायला देतात. दुसऱ्याला आधी वाढायचं, हे पोर तिथेच शिकतं. ते निमित्तच गेलं तर शिकायचं कुठे, हा प्रश्न घट न बसवणाऱ्या मुलांनीही स्वतःला विचारायला हवा. काही जण विचारतातही, आणि दिवाळीला एकट्या राहिलेल्या मित्रांना घरी जेवायला बोलावतात. दुसरीकडे अशीही घरं आहेत, जिथे सगळं सोवळंओवळं यथासांग होतं आणि कामवाल्या बाईंचा कप वेगळा असतो. मुलं तेही बघतात.

मुलांना कुळाचाराची वही द्यायची असेल तर जरूर द्या. फक्त तिथी आणि नैवेद्याच्या खाली आणखी थोडी जागा सोडा. त्या दिवशी आपल्याकडे कोण जेवायला यायचं, कोणाकडे ताट जायचं आणि का, तेही लिहा.