एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ मधला इम्यून रिस्पॉन्स

एचआयव्ही म्हटलं की एकच व्हायरस डोळ्यासमोर येतो, पण आहेत दोन. जगभर पसरलेला एचआयव्ही-१ चिंपांझीकडून माणसात आला. एचआयव्ही-२ सूटी मँगाबे नावाच्या माकडाकडून आला, १९८६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या पेशंटमध्ये सापडला आणि अजूनही जास्त करून गिनी-बिसाऊ, गांबिया, सेनेगल याच पट्ट्यात दिसतो.

दोघंही सीडी४ पेशींवरच, म्हणजे इम्यून सिस्टीमच्या मदतनीस पांढऱ्या पेशींवरच, हल्ला करतात. आता गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे: पेशींच्या आत लपलेला व्हायरसचा डीएनए मोजला तर दोन्हीकडे साधारण सारखाच भरतो, पण रक्तात फिरणारा व्हायरस एचआयव्ही-२ मध्ये खूप कमी, कितीतरी जणांत तर टेस्टमध्ये सापडतच नाही. म्हणजे व्हायरस आत शिरलाय, पण डोकं वर काढू शकत नाहीये.

याचं बरंचसं श्रेय सीडी८ पेशींना, म्हणजे इम्यून सिस्टीमच्या मारेकरी पेशींना जातं. ही पेशी लागण झालेल्या पेशीला चिकटते, पर्फोरिन या प्रोटीनने तिला भोकं पाडते, ग्रॅन्झाइम नावाची एन्झाइम्स आत सोडते आणि ती पेशी मरते. एचआयव्ही-१ मध्येही सुरुवातीला हे जोरात चालतं, पण व्हायरस वर्षानुवर्षं समोर असल्यामुळे या पेशी थकत जातात, इंटरफेरॉन गॅमा हे इशारा देणारं प्रोटीन सोडतात पण स्वतःची संख्या वाढवणं त्यांना जमेनासं होतं. एचआयव्ही-२ मध्ये एकच पेशी तीन-चार कामं करताना दिसते, आणि व्हायरसच्या आतल्या गॅग प्रोटीनवर जितका जोरदार हल्ला तितका व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, कमी. मदतनीस सीडी४ पेशीही आयएल-२, म्हणजे टी-सेल वाढवणारं प्रोटीन, बनवत राहतात. आता लोड कमी म्हणून पेशी टिकल्या की पेशी टिकल्या म्हणून लोड कमी, हा वाद अजून मिटलेला नाही.

व्हायरसचाही यात हात आहेच. एचआयव्ही-२ चं नेफ प्रोटीन टी-सेलवरचा (सीडी४, सीडी८ या टी-सेलच) सीडी३ हा सिग्नल पोचवणारा रिसेप्टर पृष्ठभागावरून काढून टाकतं, त्यामुळे पेशी उगाच भडकत नाही, एचआयव्ही-१ चं नेफ सहसा हे करत नाही. अँटिबॉडीही एचआयव्ही-२ मध्ये जास्त प्रकारच्या व्हायरसला निष्प्रभ करतात.

तरी एचआयव्ही-२ ला सौम्य म्हणणं मला धोक्याचं वाटतं. गिनी-बिसाऊच्या पोलिसांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात उपचाराविना एड्सपर्यंतचा मध्यक काळ एचआयव्ही-१ मध्ये ६.२ वर्षं निघाला, एचआयव्ही-२ मध्ये १४.३. उशिरा, पण बहुतेकांना होतोच, आणि नेव्हिरॅपिन, एफाव्हिरेन्झसारखी एचआयव्हीची औषधं एचआयव्ही-२ वर चालत नाहीत, म्हणून रिपोर्टवर टाइप बघावाच लागतो.