नासलेलं दूध, विरघळलेलं मीठ: परत काय मिळतं?

परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय बदलांचे दोन रकाने मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यापेक्षा प्रत्येक पदार्थापाशी एकच प्रश्न विचारावा: मूळ वस्तू परत मिळवून दाखवशील का?

सुरुवात मिठाने करा, साखरेने नको. अर्धी वाटी कोमट पाण्यात २ चहाचे चमचे मीठ विरघळवा. ‘मीठ नाहीसं झालं’ असं मूल म्हणेल, म्हणू द्या. ते पाणी पसरट काचेच्या ताटलीत ओतून, वर पातळ फडकं बांधून कडक उन्हात ठेवा. स्टीलची ताटली टाळा, खारं पाणी सुकताना तिच्यावर डाग पडतात. थर उथळ असला तर एकदोन दिवसांत चौकोनी स्फटिक दिसतात. भिंगातून त्यांच्या सरळ कडाही कळतात. पावसाळ्यात मात्र हवा आधीच दमट असते, पाणी उडता उडत नाही आणि मुलांचा धीर सुटतो.

साखरेचं पाणी असंच ठेवलं तर बहुधा फसतं. पाणी कमी होईल तसा पाक घट्ट होतो, साखरेच्या रेणूंना सरकून रचना करायला वाव उरत नाही. स्फटिकांऐवजी चिकट थर मिळतो, आणि मुंग्या. मग साखर परत मिळतच नाही, असा चुकीचा निष्कर्ष मुलं काढतात. साखर खरोखर बदलते ती कोरड्या कढईत, साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला. तिचे रेणू मोडतात, वाफ निघते, तपकिरी रंगाचे आणि खमंग वासाचे नवे पदार्थ तयार होतात. हे काम मोठ्यांनीच करावं. तापलेली साखर कातडीला चिकटते आणि खोलवर भाजते.

आता अर्धी वाटी गरम दुधात २ चमचे लिंबाचा रस घाला. थंड दूध घेतलंत तर चोथा बारीक पडतो, नीट दिसत नाही. एरवी केसीन या प्रथिनाचे कण ऋण विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात; आम्लाने तो भार नाहीसा होतो आणि ते गोळा होतात. पाणी घाला, ढवळा, फ्रिजमध्ये ठेवा: मुलांना हवं ते करून पाहू द्या, दूध काही परत येत नाही.

एक घोटाळा शिक्षकही करतात: अपरिवर्तनीय बदल म्हणजे रासायनिकच, म्हणजे नवा पदार्थ तयार करणारा, असं समजणं. दळलेल्या पिठाचे गहू होत नाहीत, पण पीठ म्हणजे गहूच. उलट साजूक तूप थिजताना कधी रवाळ, कधी गुळगुळीत होतं. दिसायला वेगळं, तरी तेच तूप.

उकडलेल्या अंड्याचं उदाहरण सगळेच देतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ९० अंशांना २० मिनिटं शिजवलेला अंड्याचा पांढरा भाग युरियाने पातळ केला, वेगाने फिरणाऱ्या नळीत घातला आणि त्यातल्या लायसोझाइम या एका प्रथिनाच्या विस्कटलेल्या घड्या पुन्हा जागेवर आणल्या. अंडं कच्चं झालं नाही, पण त्यांना त्या वर्षीचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं.