सोनेरी आणि काळ्या इन्सर्टची पार्श्वभूमी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारी लाँचच्या पंख्याचा झिजलेला शाफ्ट दुरुस्तीला येतो, तेव्हा झिजलेल्या जागी वेल्डिंग भरून तो लेथवर चढवतात. माल बहुतेक स्टेनलेस. चीप, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस, धारेला चिकटते आणि निघताना धारेचा कण घेऊन जाते. त्यात चावीच्या खाचेवरून टूल गेलं की प्रत्येक फेऱ्याला ठोका! अशा कामाला कुठला इन्सर्ट (टूलला बसवायची कार्बाइडची कापणारी टिप) घ्यावा, याचं उत्तर त्यावरच्या कोटिंगच्या इतिहासात आहे.

कार्बाइड मुळात लेथसाठी जन्मलंच नाही. बल्बची टंगस्टन तार ओढायच्या डायमधला (भोकाच्या साच्यातला) महागडा हिरा टाळायचा होता. बर्लिनला ओसराम या बल्बच्या कंपनीत कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टने बांधली. पेटंट 1923 चं. क्रुप या जर्मन पोलाद कंपनीने 1927 च्या लाइपझिग जत्रेत ते ‘विडिया’ नावाने मांडलं.

पोलाद कापताना मात्र नवी अडचण आली. तापलेली चीप कार्बाइडमधला कार्बन शोषून घेई आणि टिपेच्या माथ्यावर खड्डा पडे. 1969 च्या सुमारास टायटॅनियम कार्बाइडचा जेमतेम काही मायक्रॉनचा थर त्यावर आला, आणि टिपेचं आयुष्य कितीतरी वाढलं. सत्तरच्या दशकात अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा) थर आला. तो उष्णता अडवतो, चिपेशी रासायनिक सलगीही करत नाही. वरचा सोनेरी मुलामा टायटॅनियम नायट्राइडचा. झीज कुठे झाली ते त्यावर पटकन दिसतं, हा माझ्या मते त्याचा निम्मा उपयोग.

पण हे थर वायूंच्या अभिक्रियेने, सुमारे 1000 अंशांना चढत (सीव्हीडी). त्या तापात थराखाली ठिसूळ पापुद्रा तयार होई आणि ठोक्याला धार तुटे. उपाय दोन निघाले : एक, सीव्हीडीचंच तापमान उतरवणं, दुसरा, निर्वातात साधारण 500 अंशांना पातळ थर देणारी पीव्हीडी. ऐंशीच्या दशकात ती कार्बाइडवर रुळली. धार तीक्ष्ण राहते, थर दाबाखाली असल्याने तडा सहज पसरत नाही. पुढे अ‍ॅल्युमिनियम मिसळलेला, काळपट जांभळा टायटॅनियम नायट्राइड आला.

आपल्या शाफ्टला हाच पीव्हीडीवाला बरा. लोट्याच्या केमिकल कारखान्यांतल्या पंपांचे स्टेनलेस शाफ्टही त्याच जातीचे. अखंड, वेगवान पोलादी टर्निंगला जाड सीव्हीडी. आणि लहान वर्कशॉपात ब्रेझिंगची, म्हणजे पितळेने टूलला झाळलेली, बिनकोटिंगची टिप अजून टिकून आहे, कारण हिरव्या दगडावर (कार्बाइड घासायच्या ग्राइंडिंग चाकावर) तिला पुन्हा पुन्हा धार लावता येते. कोटिंगवाली दगडाला लावली की थर गेलाच.